अडेनियमचं खोड मऊ पडलंय : तहान की कूज?

झारीवाली | १० मे, सकाळी ७:४२
चार वर्षांपूर्वी घर बदलताना मैत्रिणीने एक अडेनियम (ज्याला वाळवंटी गुलाब म्हणतात ते) माझ्या गळ्यात मारलं. तेव्हा त्याचं खोड मुठीएवढं होतं, आता दोन मुठी एकत्र केल्यावर होईल तेवढं आहे. गेल्या वर्षी पानं दिसेनात इतकी गुलाबी फुलं आली होती. यंदा फेब्रुवारीत छाटणी केली, मार्चमध्ये कौतुकाने मोठ्या कुंडीत हलवलं आणि तेव्हापासून ते रुसून बसलंय. एकही कळी नाही. आठवडाभर पानं पिवळी पडून गळतायत. काल खोडाला बोट लावलं तर एका बाजूला बोट आत दबलं, हवा कमी झालेल्या चेंडूसारखं. वरची माती मात्र ठणठणीत कोरडी.
घरात दोन पक्ष पडलेत. सासूबाई म्हणतात झाड तहानेने व्याकूळ झालंय, पाणी घाल. नवरा दोन व्हिडिओ बघून तज्ज्ञ झालाय, तो म्हणतो कुजलंय, थेंब घालू नकोस. मी मधे झारी घेऊन उभी. काय करू?

निवांत निवडुंग | १० मे, सकाळी ८:०५
पाणी घालू नका. तहानेने मेलेलं अडेनियम मी अजून पाहिलेलं नाही. प्रेमाने मेलेली पाच पाहिलीत. पाचही माझीच.

खुरपं | १० मे, सकाळी ८:३०
निदान करायच्या आधी थोडी माहिती द्या. मऊ भाग नक्की कुठे आहे, वर फांद्यांजवळ की मातीलगत? सालीवर सुरकुत्या आहेत का? त्या भागाचा रंग बदललाय का? आणि मार्चमध्ये कुंडीत काय भरलंत?
ढोबळ नियम असा की तहानलेलं खोड सगळीकडून सारखं मऊ लागतं, त्यावर बारीक सुरकुत्या येतात आणि भरपूर पाणी दिलं की दोनचार दिवसांत पुन्हा टणक होतं. कूज असेल तर एकाच बाजूला, बहुतेकदा मातीलगत मऊ लागतं, साल काळपट तपकिरी होते आणि नाक जवळ नेलं तर आंबूस वास येतो.

झारीवाली | १० मे, सकाळी ९:१२
मऊ भाग मातीलगतच आहे, पण वरही सुरकुत्या आहेत. म्हणजे दोन्ही लक्षणं :( रंग नीट कळत नाही. वास घेतला, मातीचा वास आला. कुंडीत बागेतली माती, गांडूळखत आणि थोडं कोकोपीट. कुंडी बारा इंची. आधीची सहा इंची होती.

निवांत निवडुंग | १० मे, सकाळी ९:१५
सहावरून थेट बारा! लहान पोराला बापाचे बूट.

दुपारचा उकाडा | १० मे, सकाळी ११:४०
मी थोडा उलट बोलणार आहे. "सक्युलंट (अंगात पाणी साठवणारं झाड) आहे ना, मग पाणी नको" हे ऐकून ऐकून कान किटले. माझी चौदा अडेनियम गच्चीवर भर उन्हात आहेत आणि एप्रिल-मेमध्ये मी त्यांना रोज पाणी घालतो. हो, रोज. एकही कुजलेलं नाही. कारण माझ्या कुंडीत माती जवळजवळ नाहीच. विटांचे हरभऱ्याएवढे तुकडे, जाड रेती, थोडं परलाइट (पांढरे, हलके खनिज दाणे) आणि ओंजळभर शेणखत. वरून ओतलेलं पाणी खालच्या भोकातून लगेच बाहेर येतं. पाच मिनिटांनी कुंडीत उरतो तो फक्त ओलावा.
हे झाड दुष्काळ सोसू शकतं. त्याला दुष्काळ आवडतो असं नव्हे. वाढीच्या दिवसांत ऊन आणि पाणी दोन्ही मिळालं तर ते सुटतं. पाण्याला कशाला दोष देता, दोष साचणाऱ्या मातीचा आहे.

खुरपं | १० मे, दुपारी १२:०२
उकाडासाहेबांना अनुमोदन, पण त्यांची कुंडी त्यांची आहे. झारीवालींच्या कुंडीत बागेची माती आहे. ती वरून दोन इंच वाळते आणि खाली चिखल असतो. वरची माती बघून पाणी घालणं म्हणजे पुस्तकाचं कव्हर बघून परीक्षेला बसणं.

सदाफुली | १० मे, दुपारी १:२०
इथे एक प्रश्न विचारून घेते. माझ्याकडे दीड वर्षाचं मूल आहे. हे झाड विषारी असतं म्हणतात ते खरं का?

जुनं पान | १० मे, दुपारी २:४५
खरं आहे. तुमच्या सदस्यनामाचं झाड आणि अडेनियम एकाच कुळातले बरं का. कण्हेर, चाफा, तगर, सदाफुली, अडेनियम ही सगळी भावंडं. अडेनियमच्या चिकात हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम करणारी द्रव्यं असतात. आफ्रिकेत काही शिकारी जमाती बाणाच्या टोकाला लावायचं विष याच्या चिकापासून करत आल्या आहेत. नुसता हात लागून काही होत नाही, पण पानं-फुलं तोंडात जायला नकोत आणि चिकाचा हात डोळ्याला लागायला नको. मूल रांगतंय-चालतंय तोवर कुंडी उंचावर ठेवा. मांजर-कुत्रं असेल तर त्यांच्यापासूनही.
माझा अनुभव सांगते. छाटणी करताना घाम आला म्हणून मनगटाने डोळा पुसला. पुढचा अर्धा तास नळाखाली. डोळा दोन दिवस लाल होता. तेव्हापासून हातमोजे आणि चष्मा घातल्याशिवाय कात्री उचलत नाही.

बखरकार | १० मे, रात्री ९:३०
विष निघालंच आहे तर थोडा इतिहास. पेर फोर्स्कोल नावाचा, स्वीडिश वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसचा एक शिष्य होता. १७६१ मध्ये डेन्मार्कहून अरबस्तानाकडे निघालेल्या मोहिमेत तो वनस्पती गोळा करायला गेला. येमेनमध्ये त्याने या झाडाची नोंद केली आणि १७६३ मध्ये तिथेच हिवतापाने वारला. त्या मोहिमेतून कार्स्टन नीबुर हा एकटाच जिवंत परतला आणि त्याने मित्राची टिपणं १७७५ मध्ये छापली. फोर्स्कोलने झाडाला दिलेलं नाव होतं नेरियम ओबेसम. नेरियम म्हणजे कण्हेर, ओबेसम म्हणजे लठ्ठ. लठ्ठ कण्हेर! पुढे १८१९ मध्ये त्याची वेगळी प्रजात केली गेली तेव्हा येमेनमधल्या एडन बंदरावरून अडेनियम झालं. लठ्ठपणा मात्र नावात तसाच राहिला.
गुरूनेही शिष्याच्या नावाने एका झाडाचं नामकरण केलं. अंगाला चिकटणारं, सोडता न सुटणारं झुडूप. जातीचं नाव टेनासिसिमा, म्हणजे महाचिवट. शिष्याच्या स्वभावावर टोमणा होता म्हणतात.

निवांत निवडुंग | १० मे, रात्री ९:४१
म्हणजे लठ्ठ कण्हेर, आणि लोक म्हणतात वाळवंटी गुलाब. गुलाबाला कळलं तर अब्रूनुकसानीचा दावा लावेल.

कुंपणावरची | ११ मे, सकाळी ६:५५
झारीवाली, आधी झाड कुंडीतून काढून बघा ना. एवढी चर्चा कशाला. अडेनियम मुळं उघडी ठेवून आठवडा दोन आठवडे सहज राहतं. लांबच्या प्रवासाला ती माती झटकूनच पाठवतात. काढून बघितल्याने काही बिघडणार नाही, न बघितल्याने बिघडेल.

झारीवाली | ११ मे, सकाळी ७:३०
रविवारी काढते. हात धजावत नाहीये.

ऑफिस टाइम | ११ मे, सकाळी १०:१०
मला हे नाजूक लठ्ठ प्रकरण झेपणार नाही. मी आपली चिनी गुलाब लावते, त्यालाच ऑफिस टाइम म्हणतात, त्यावरूनच हे सदस्यनाम घेतलंय. तोडलेली काडी मातीत खोचली की लागते. ऊन चढलं की फुलं उघडतात, दुपार उतरली की मिटतात, ढगाळ दिवशी हजेरीच नाही. पाणी विसरलं तरी तक्रार नाही. आळशी माणसासाठी यापेक्षा चांगलं झाड नाही.
पण एका गोष्टीचं उत्तर हवंय. माझ्याकडे कलांचो आहे. आणलं तेव्हा लाल फुलांनी डवरलेलं होतं. त्यानंतर तीन वर्षं नुसती पानं. पानं इतकी छान की बघत राहावं, पण फूल नाही. खत बदललं, कुंडी बदलली. काय चुकतंय?

पर्णरंध्र | ११ मे, सकाळी ११:३५
कुंडी कुठे आहे? रात्री तिथे दिवा लागतो का?

ऑफिस टाइम | ११ मे, सकाळी ११:५०
दाराबाहेर, पायरीशी. वर दिवा आहे, रात्रभर चालू असतो. का?

पर्णरंध्र | ११ मे, दुपारी १२:२०
झालं मग निदान. कलांचोला कळ्या यायला लांब रात्र लागते. साधारण सहा आठवडे रोज चौदा तास सलग काळोख मिळाला की ते कळ्या धरतं. मधे दिवा लागला की त्याच्या हिशेबी रात्र संपली. तुम्ही तीन वर्षं त्याला जागं ठेवलंय. थंडी सुरू व्हायच्या सुमारास संध्याकाळी पाचपासून सकाळी सातपर्यंत त्यावर पुठ्ठ्याचं खोकं घाला, किंवा सरळ दिवा बंद करा. दिवसा मात्र भरपूर उजेड हवा.
जाता जाता, कलांचो आणि अडेनियम दोन्ही दुष्काळ काढतात पण त्यांची रीत वेगळी. कलांचो दिवसा पानांची रंध्रं मिटून घेतं आणि रात्री गारव्यात उघडून हवेतला कार्बन डायऑक्साइड साठवून ठेवतं, म्हणजे उन्हात पाणी उडून जात नाही. अडेनियम पाणी खोडात भरून ठेवतं आणि टंचाई आली की सरळ पानं टाकून देतं. त्यामुळे नुसती पानगळ बघून घाबरायचं नसतं. थंडीत पारा पंधराच्या खाली गेला की माझं दरवर्षी बोडकं होतं. तेव्हा पाणी जवळजवळ बंद ठेवायचं.

ऑफिस टाइम | ११ मे, दुपारी १२:२४
तीन वर्षं! आणि मी त्याला आळशी म्हणत होते.

हिरवी अळी | ११ मे, संध्याकाळी ५:१५
अडेनियमवाल्यांना विचारायचं होतं. परवा संध्याकाळी झाड हिरवंगार होतं, सकाळी निम्म्या फांद्यांवर फक्त देठ. खाली मिऱ्यांसारख्या लेंड्या. शोधलं तर फांदीला समांतर, करंगळीपेक्षा जाड हिरवी अळी. डोक्यामागे दोन निळे-पांढरे डोळे, काळ्या कडेचे. मी ओरडलेच. ते डोळे खरे नसतात हे नंतर कळलं.

जुनं पान | ११ मे, संध्याकाळी ६:००
कण्हेरीवरच्या हॉकमॉथ नावाच्या पतंगाची अळी. कण्हेर, तगर, सदाफुली, अडेनियम, भावंडांपैकी कुणीही चालतं तिला. विष असलेली पानं ती मजेत खाते. छेडलं की डोकं आत ओढून पुढचा भाग फुगवते, तेव्हा ते डोळे वटारल्यासारखे दिसतात. फवारणी कशाला, दोनचारच असतात. उचलून तगरीवर सोडा.

दुपारचा उकाडा | ११ मे, संध्याकाळी ६:२०
तगर माझी असेल तर? मी तर चिमट्याने उचलून भिंतीपलीकडे टाकतो. माफ करा, पण चौदा झाडं आहेत.

हिरवी अळी | ११ मे, संध्याकाळी ६:४८
मी ठेवली. पानं काय, परत येतील. आज ती हिरवी सोडून तपकिरी झालीये आणि खाली उतरून भटकतेय. कोषाची जागा शोधत असावी. खोक्यात सुका पाला घालून दिलाय. सदस्यनामही आजच बदललं.

निवांत निवडुंग | ११ मे, संध्याकाळी ६:५०
धागा अडेनियमच्या खोडाचा होता. तो कुजायच्या आत परत विषयावर येऊ या का?

झारीवाली | १६ मे, दुपारी १२:३०
आज काढलं. सविस्तर लिहिते, कारण मला बघून धक्का बसला.
कुंडी आडवी केली, कडेने ठोकली तरी निघेना. खुरप्याने बाजूची माती सोडवली. वरची दोन-अडीच इंच माती पावडर. त्याखाली चिखल! कुंपणावरची आणि खुरपं, तुम्ही म्हणालात तेच. आणि अगदी मधे, मैत्रिणीने दिलं तेव्हाचा जुना कोकोपीटचा गोळा तसाच, पिळला तर पाणी गळेल असा. पाणी सोडून मुळं धुतली. जाड मुळांपैकी दोन शाबूत आहेत. बाकी मुळं धरून हलकेच ओढली तर वरचं साल मोज्यासारखं हातात आलं आणि आत नुसता दोरा राहिला. वास आता नीट आला. खोडाच्या मऊ भागावर नख लावलं तर साल सरकली, आत तपकिरी लगदा.
मग सुरकुत्या कशाच्या? ते कोडं मला अजून सुटलं नाहीये.

खुरपं | १६ मे, दुपारी १२:५५
कोडं काही नाही. मुळं कुजली म्हणून झाड तहानलं. पाण्यात उभं आणि पिता येत नाही. तुमच्या सासूबाई आणि यजमान दोघंही बरोबर होते, फक्त सासूबाईंचा उपाय चुकीचा होता.
आता कापायचं. धारदार सुरी स्पिरिटने पुसून घ्या. तपकिरी भाग संपून आत स्वच्छ पांढरा गर दिसेपर्यंत कापत जा. प्रत्येक कापानंतर सुरी परत पुसा, नाहीतर तुम्हीच कूज पसरवाल. पांढऱ्यात एक तपकिरी ठिपका दिसला तरी अजून एक चकती. दया दाखवू नका. शेवटी काप कोरड्या फडक्याने टिपून त्यावर बुरशीनाशकाची पूड लावा आणि झाड सावलीत, वाऱ्यावर, उघड्या मुळांनी ठेवा. पाणी नाही, माती नाही.

दुपारचा उकाडा | १६ मे, दुपारी १:१०
दहा दिवस किमान. कापावर कोरडी खपली धरली पाहिजे. खोड आणखी आकसेल, आकसू द्या. उरलेली पानं काढून टाका. आणि उलटं टांगा, म्हणजे काप खाली टेकणार नाही.

झारीवाली | १६ मे, दुपारी ३:४०
कापलं. एक-तृतीयांश खोड गेलं. हातमोजे-चष्मा घातला, जुनं पान यांचे आभार. पांढरा गर दिसला तेव्हा चीक असा भळभळून आला की मलाच कापल्यासारखं झालं. आता बाल्कनीत दोरीला उलटं टांगलंय. शेजारच्या काकूंनी विचारलं, हे काय, नजर लागू नये म्हणून का?
आणि आज जेवताना खरा उलगडा झाला. मी रोज संध्याकाळी थोडं पाणी घालत होते, "सक्युलंट आहे, थोडंच". सासूबाई रोज सकाळी घालत होत्या, "सूनबाई विसरते". मार्चपासून!

निवांत निवडुंग | १६ मे, दुपारी ३:४३
हसून हसून पुरेवाट. दोन पाळ्यांत पाणीपुरवठा.

कुंपणावरची | १६ मे, दुपारी ४:३०
पुन्हा लावाल तेव्हा दोन गोष्टी. कुंडी खोडापेक्षा दोन बोटं रुंद, बस. उथळ चालेल, खोल नको. आणि जुना गोळा पूर्ण धुऊन काढलात ते उत्तम. आपण भोवती कितीही चांगलं मिश्रण घातलं तरी मधला गोळा ओला राहतो आणि कूज तिथूनच सुरू होते. नवीन रोप आणलं की मी पहिल्या आठवड्यातच हे करते.

नवशिका | १७ मे, सकाळी ९:००
सगळा धागा वाचला. आता अडेनियम घ्यावं की नाही तेच कळेनासं झालंय. बियांपासून करावं की फांदी लावावी? आणि लोकांची खोडं हत्तीच्या पायासारखी दिसतात, ती कशी?

दुपारचा उकाडा | १७ मे, सकाळी १०:२५
घ्या हो, इतकं भांडखोर नाही ते. खोड हवं तर बियांपासून. फांदी लागते, फुलतेही, पण तसं सुडौल बूड सहसा धरत नाही. बी ताजं असेल तर उबेत आठवड्याभरात उगवतं. फूल मात्र आईसारखंच येईल याची खात्री नाही. हवा तोच रंग, दुहेरी-तिहेरी पाकळ्या पाहिजेत तर कलम घ्या. कलमाच्या जोडाखालून फुटवा आला की खुडायचा, नाहीतर वर्षभरात साधी एकेरी फुलंच दिसतील आणि तुम्ही विकणाऱ्याला शिव्या द्याल.
हत्तीचा पाय एका दिवसात होत नाही. दर एक-दोन वर्षांनी कुंडी बदलताना रोप एखादा इंच वर उचलून लावायचं, म्हणजे मातीत फुगलेली मुळं उघडी पडतात. उघड्या पडलेल्या मुळांना आठवडाभर कडक ऊन देऊ नका, भाजतात. बारीक मुळं छाटायची. आणि दिवसाला किमान सहा तास ऊन. ऊन नसेल तर बाकी सगळं फुकट. नत्राचं खतही बेताने, नाहीतर फांद्या लांबच लांब आणि टोकाला चार पानं.

जुनं पान | १७ मे, दुपारी १२:१५
शेंग धरली तर तिला दोऱ्याने बांधून ठेवा. जोडीने येतात, बोकडाच्या शिंगांसारख्या. माझी एकदा दुपारी तडकली, बियांच्या दोन्ही टोकांना रेशमी झुपके, वाऱ्यावर निम्म्या बिया गेल्या. पुढच्या पावसात खालच्या मजल्यावरच्यांच्या तुळशीच्या कुंडीत एक उगवलं. त्यांना अजून वाटतं देवानेच लावलं.

हिरवी अळी | २ जून, सकाळी ७:०५
विषयांतराबद्दल माफी, पण कोषातून पतंग बाहेर आला! काल रात्री. हिरव्या मखमलीवर गुलाबी-पांढरे पट्टे. पंख सुकेपर्यंत खोक्याच्या कडेला उलटा लटकून होता. मग गेला.

दुपारचा उकाडा | २ जून, सकाळी ७:३०
आता तो कुणाच्या गच्चीवर गेला असेल?

झारीवाली | २२ ऑगस्ट, रात्री ८:२०
सगळे विचारत होतात म्हणून वृत्तांत. बारा दिवस टांगून ठेवलं, मग विटांचे तुकडे आणि रेतीत सहा इंची उथळ कुंडीत बसवलं. आठवडाभर कोरडंच. पाऊस सुरू झाल्यावर पत्र्याच्या आडोशाला, पण ऊन येईल असं. जून संपेपर्यंत काहीच नाही. नवरा त्याला "दगड" म्हणायला लागला होता. जुलैच्या मध्यावर फांदीच्या टोकाला मोहरीएवढा हिरवा ठिपका दिसला. आज अकरा पानं आहेत. खोड दाबलं तर बोट दबत नाही. एका बाजूने सपाट झालंय, कापलेलं दिसतं, पण मला आवडायला लागलंय.

खुरपं | २२ ऑगस्ट, रात्री ८:३५
शाब्बास! आता पाणी कोण घालतं?

झारीवाली | २२ ऑगस्ट, रात्री ८:४१
कुणीच नाही, असं ठरलंय. रविवारी सासूबाई आणि मी दोघी मिळून कुंडी उचलून बघतो. जड लागली तर खाली ठेवतो. या महिन्यात दोनदाच हलकी लागली.

ऑफिस टाइम | ९ डिसेंबर, सकाळी ६:५०
धागा वर काढतेय. पर्णरंध्र, कलांचोला कळ्या आल्या! सप्टेंबरपासून दाराबाहेरचा दिवा बंद ठेवला होता. काल रात्री अंधारात माझाच पाय लागून कुंडी पायरीवरून गडगडली. कुंडीचे चार तुकडे. कळ्या सगळ्या शाबूत.